दुसऱ्याच्या हातचे पाणी : उपवासकाळात ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

उपवासकाळ जवळ आला, की आपल्या नियतकालिकांतून आणि प्रवचनपीठांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘विश्वासाचे पाऊल टाका.’ वाक्य चांगले आहे, आम्हीही ते वापरतो. परंतु त्याच्या जोडीला जे उदाहरण येते, त्याविषयी आमची तक्रार आहे. उदाहरण ठरलेले असते. रात्रीची वेळ, खवळलेला समुद्र, पाण्यावरून चालत येणारे प्रभू येशू आणि नावेतून पाय बाहेर टाकणारा पेत्र. मत्तयच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाचा हा प्रसंग उपासनेच्या वाचनमालेत उपवासकाळात येतच नाही. तो येतो ‘अ’ वर्षातील सामान्यकाळाच्या एकोणिसाव्या रविवारी, म्हणजे ऑगस्टमध्ये, जेव्हा आमच्या मालवण किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेचे वेध लागलेले असतात आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात.

शिवाय ज्याने रापणीच्या दोराला हात लावला आहे, मतलई वारा कोणता आणि खारा कोणता हे ज्याला अंगाला लागताच कळते, त्याला नावेबाहेर पाय टाकण्याचे कौतुक सांगून उपयोग नसतो. अशा वेळी त्याचा विश्वास नावेत राहून वल्हे न सोडण्यात असतो. शुभवर्तमानातही तेराव्या पावलाची कथा नाही, बुडण्याची आहे. तरीही वक्त्यांना ती आवडते, कारण तिच्यात एक उडी आहे आणि उडी सांगायला सोपी. एका क्षणात माणूस इकडचा तिकडे. ज्या माणसाला रोजच्या घरात, रोजच्या स्वयंपाकात, रोजच्या नातेवाइकांत राहून विश्वासाकडे सरकायचे आहे, त्याला या कथेत जागा सापडत नाही.

उपवासकाळ हा मुळात अशा सरकणाऱ्या माणसांचा काळ होता. पहिल्या शतकांतील ख्रिस्तसभेत पास्काच्या रात्री स्नानसंस्कार घेऊ इच्छिणाऱ्या दीक्षार्थींची अखेरची तयारी या आठवड्यांत होत असे. पुढे बालकांचा स्नानसंस्कार सार्वत्रिक झाला, दीक्षार्थी नाहीसे झाले आणि उपवासकाळात केवळ उपवास उरला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात या काळाची दोन अंगे पुन्हा एकत्र आणली : स्नानसंस्काराचे स्मरण किंवा त्याची तयारी, आणि प्रायश्चित्त. १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा विधी नव्याने सिद्ध झाला. त्या विधीशी जोडलेली ‘अ’ वर्षाची वाचने पाहावीत. दुसऱ्या रविवारी आपला देश आणि गोत सोडून निघणारा अब्राहाम. तिसऱ्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी स्त्री. चौथ्या रविवारी डोळ्यांवर चिखल घेऊन शिलोह तळ्याकडे जाणारा जन्मांध. पाचव्या रविवारी लाजर. यांत उडी कोठेही नाही. चालणे आहे, पाणी आहे, बोलणे आहे आणि वाट पाहणे आहे.

आमच्या मते या वाचनांशी ज्याचे सर्वांत जवळचे नाते आहे, असे मराठी पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) कॅथलिक नव्हत्या. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात त्यांचे ख्रिस्ती जीवन गेले आणि उपवासकाळाचा हिशेब त्यांच्या पुस्तकात कोठेही नाही. त्यावर आपले पंचांग आपण ठेवीत आहोत, हे सुरुवातीसच मान्य केलेले बरे. तरीही हे पुस्तक उपवासकाळात वाचावे असा आमचा आग्रह आहे. १९३४ पासून ते भागशः प्रसिद्ध झाले, १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले, आणि मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान वादातीत आहे. असे असूनही आपल्या कॅथलिक घरांतील पुस्तकांच्या फळीवर ते क्वचितच आढळते. ‘ते प्रॉटेस्टंटांचे’ असे म्हणून आपण ते दूर ठेवले असेल, तर तोटा आपलाच झाला आहे.

मराठी समीक्षेने या पुस्तकाचे कौतुक मुख्यतः विनोदासाठी, बोलीच्या प्रसन्नतेसाठी आणि एका विक्षिप्त कवीच्या संसाराच्या चित्रासाठी केले. ते योग्यच आहे. परंतु धर्मांतराची कथा ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आणि संसाराची कथा लक्ष्मीबाईंची, अशी जी वाटणी नकळत झाली, ती आम्हांस मान्य नाही. या पुस्तकात विश्वासाची पावले दोन आहेत, आणि दुसरे पाऊल पहिल्याहून अधिक अवघड आहे.

पुस्तकाचा आरंभ पाहा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली. त्या धक्क्यानंतर जलालपूरच्या त्यांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्याने टोक गाठले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, मग ते मीठ असो की साखर. वाचक हसतो. लक्ष्मीबाईही हसतच सांगतात. पण हसता हसता लक्षात येते, की या घरात पाणी हे माणसामाणसांत भिंत घालण्याचे साधन झाले आहे. जगाचा स्पर्श धुऊन काढण्यासाठी पाणी. त्यात साखर विरघळून गेली तरी चालेल, स्पर्श उरता कामा नये. वडिलांविषयी लेखिकेच्या मनात कडवटपणा नाही. एका भयभीत माणसाने आपल्या भयाला धर्माचे नाव दिले, एवढेच ती दाखविते. प्रायश्चित्ताच्या काळात वाचण्यासारखी ही पाने आहेत, कारण शुद्धतेच्या ध्यासात भीती किती असते, हे इतक्या हलक्या हाताने मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे.

मग पहिले पाऊल येते. टिळक मूळचे आपल्या कोकणचे, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१ चा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या दोन वर्षांत त्यांचे मन तयार होत होते, पण ती तयारी पत्नीपासून लपलेली होती. तिला बातमी कळली ती सर्व काही होऊन गेल्यावर. टिळकांच्या श्रद्धेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. आपण देवळात गातो त्या मराठी भक्तिगीतांच्या परंपरेवर त्यांचे मोठे ऋण आहे. तरीही ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे स्पष्ट दिसते, की त्या एका पावलाखाली एक घर मोडले. एकोणतिशीच्याही आतली स्त्री, पदरी लहान मुलगा, नवरा जिवंत असून परका झालेला. प्रवचनांतून ‘सर्वस्वाचा त्याग’ हे शब्द आपण सहज उच्चारतो. त्या सर्वस्वात दुसरा माणूसही असतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते, ही गोष्ट आम्हांस अन्य कोणत्याही मराठी पुस्तकाने इतक्या ठसठशीतपणे दाखविलेली नाही.

त्यानंतरची पाच वर्षे हा आमच्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा आहे. १८९५ ते १९००. या काळात लक्ष्मीबाई काही दिवस पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या, पुढे नगरकडे आल्या, पतीजवळ आल्या पण आपले सोवळे सांभाळून राहिल्या. एका संसारात दोन चुली, दोन पाणी. टिळकांचे एक मोठेपण येथे दिसते. त्यांनी बळजबरी केली नाही, तिच्या आचाराची सोय पाहिली आणि थांबले. ज्याने स्वतः घाईने पाऊल टाकले, त्याने दुसऱ्याच्या पावलासाठी पाच वर्षे वाट पाहिली. या वर्षांना आम्ही लक्ष्मीबाईंचा उपवासकाळ म्हणतो. त्याला चाळीस दिवसांची मर्यादा नव्हती आणि शेवटी पास्काचा सण आहे, अशी खात्रीही नव्हती. त्या वर्षांना पुस्तकात जी जागा मिळाली आहे, तीपुढे बाप्तिस्म्याच्या प्रसंगाची जागा थोडकी आहे, आणि हा लेखिकेचा विवेक आहे.

या काळात केव्हातरी जातीचा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहतो. कोणी मिशनरी बाई समजावीत नाही, नवरा वाद घालीत नाही. एकटीच विचार करते. माणूस देवाने केला, जात मात्र देवाने केलेली दिसत नाही, ती माणसाने केली, असा त्या विचाराचा निष्कर्ष. निष्कर्ष निघाल्यावर तो वहीत लिहून ठेवला नाही, त्यावर व्याख्यान दिले नाही. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे, असे ठरविले. ज्या मुलीचा बाप मीठ धुऊन घेत होता, ती दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणार. पुस्तकाच्या पहिल्या पानांतले पाणी येथे उलटे वाहू लागते. लेखिकेने ही जुळणी मुद्दाम केली असे आम्हांस वाटत नाही. आयुष्यानेच ती केली, आणि लेखिकेला खरे सांगण्याची सवय असल्याने ती पुस्तकात उतरली.

या ठिकाणी वाचकाने एक क्रम लक्षात घ्यावा. जात आधी सुटली, ख्रिस्त नंतर लाभला. बाप्तिस्मा १९०० सालचा, पाण्याचा निर्णय त्याआधीचा. इतर ख्रिस्ती आत्मकथनांशी तुलना केली, तर या क्रमाचे वेगळेपण दिसते. बाबा पदमनजी बेळगावचे. १८५४ साली तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या ‘अरुणोदया’त ग्रंथ, शाळा, वादविवाद, शंका आणि समाधान यांची पायरीपायरीने रचना आहे. बुद्धी पटते आणि मग पाय उचलतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, आणि १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला प्रथम ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त स्वतः कित्येक वर्षांनी भेटला. तिघेही खरे बोलतात. तिघांचे रस्ते वेगळे आहेत. परंतु सामान्य कुटुंबातील वाचकाला, विशेषतः स्त्रीला, लक्ष्मीबाईंचा रस्ता चालून पाहता येतो, कारण तो माजघरातून जातो. तेथे ग्रीक शिकावे लागत नाही आणि सभा जिंकाव्या लागत नाहीत.

आता तिसऱ्या रविवारची विहीर आठवावी. दुपारची वेळ, थकलेले प्रभू येशू एकटे बसलेले, शिष्य अन्न आणावयास गावात गेलेले. एक स्त्री येते आणि प्रभू तिच्याकडे पिण्यास पाणी मागतात. तिला धक्का बसतो तो नेमका याच गोष्टीचा. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातून पाणी पिणार कसा? जिवंत पाण्याविषयीचे ते थोर बोलणे पुढचे आहे. सुरुवात होते ती भांड्यापासून. देवाचा पुत्र तिच्याशी धर्मचर्चा करण्यापूर्वी तिच्या हातचे पाणी मागतो, आणि मागताच शतकांची भिंत हलते. आपण प्रवचनात लगेच जिवंत पाण्याकडे धाव घेतो आणि त्या साध्या पाण्याला विसरतो. लक्ष्मीबाई विसरू देत नाहीत. एक गंमत अशी, की प्रभू ते पाणी प्याले की नाही, हे योहान सांगत नाही. स्त्री घागर तेथेच टाकून गावात धावली, एवढेच सांगतो.

पुस्तकात आम्हांस उणे काय वाटते, तेही सांगितले पाहिजे. एक तर लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी फार कमी बोलतात. त्या परमेश्वराशी काय बोलत होत्या, त्याने काय उत्तर दिले, हे जाणण्याची भुकेल्या वाचकाची इच्छा पुरी होत नाही. विनोद हे त्यांचे बळ आहे, पण काही ठिकाणी तो पडद्याचे काम करतो. अंतःकरण उघडणार असे वाटते आणि तेवढ्यात टिळकांच्या विसरभोळेपणाचा एखादा किस्सा मध्ये येतो. दुसरे, विश्वास हा समुदायाचा असतो ही जाणीव त्यांच्या कथनात उशिरा येते. पाऊल एकटीचे आहे. आपल्या परंपरेत दीक्षार्थीबरोबर धर्मपिता किंवा धर्ममाता उभी राहते, सारे मंडळ त्याच्यासाठी प्रार्थना करते, आणि हे योग्यच आहे. लक्ष्मीबाईंच्या विचाराच्या घटकेला त्यांच्याजवळ कोणी नव्हते. त्या एकटेपणाने पुस्तकाला धार दिली आहे, पण ती अनुकरणीय स्थिती आहे असे कोणी समजू नये.

एखादा कॅथलिक वाचक विचारील, की आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ असताना दुसऱ्यांच्या दारी कशाला जावे? प्रश्न रास्त आहे. १६१६ साली राचोल येथे छापलेले, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते काव्य ही मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची गंगोत्री आहे, आणि १५७९ साली गोव्यास उतरलेल्या एका इंग्रज येशूसंघीयाने ते लिहावे हे आश्चर्य अजून ओसरलेले नाही. परंतु ‘ख्रिस्तपुराण’ ही प्रभूची कथा आहे, दीक्षा घेणाऱ्याची नाही. नव्या ख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडली, त्यांच्या जागी आम्हांस काय, असा प्रश्न त्या काव्याच्या आरंभी एक श्रोता विचारतो, आणि त्या प्रश्नातूनच ग्रंथ जन्मास येतो. तो श्रोता घरी गेल्यावर काय झाले, त्याच्या पत्नीने चूल वेगळी केली का, त्याच्या भावाने पंक्तीत बसू दिले का, हे फादर स्टीफन्स लिहीत नाहीत. तो त्यांचा विषय नव्हता.

आमच्या सिंधुदुर्गातील पुष्कळ कॅथलिक घराणी पोर्तुगीज अमलाच्या काळात गोव्यातून वर सरकली. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ती या किनाऱ्यावर आणि घाटाच्या पायथ्याशी नांदत आहेत. त्यांच्या पूर्वजांनी ते पहिले पाऊल कसे टाकले? स्वेच्छेने, भीतीने, गावाबरोबर, की एकट्याने? देवळांतील नोंदवह्यांत नावे असतात, तारखा असतात, धर्ममातापित्यांची नावे असतात. त्या पाण्याची किंमत काय पडली, त्याचा रकाना नसतो. आपल्या पूर्वजांपैकी एकीनेही ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत. म्हणून आपल्या श्रद्धेच्या आरंभाची वेदना आपल्याला दुसऱ्या पंथातील एका बाईच्या पुस्तकात वाचावी लागते. आम्हांस त्यात कमीपणा वाटत नाही, परंतु खंत वाटते.

ही खंत केवळ वाङ्मयीन नाही. उपवासकाळात आपण मांस सोडतो. धर्मविधीनुसार मांस वर्ज्य, मासे चालतात. ज्यांच्या घरी बांगडा आणि तारली हेच रोजचे जेवण, त्यांना शुक्रवारी मटण नाही म्हणून सांगणे म्हणजे मिठागरात राहणाऱ्याला मीठ पुरवून खा म्हणण्यासारखे आहे. नियम पाळावा, नियम चुकीचा नाही. पण चाळीस दिवसांत आपल्याला ज्याची किंमत पडेल असे काय आपण सोडतो? जातीचे नाव घेतले, की आपण म्हणतो, ती हिंदूंची गोष्ट. मग मुलीचे स्थळ पाहताना ‘ते आपल्यातले का’ हा प्रश्न कोठून येतो? एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारणारी दोन घरे लग्नाच्या बोलणीत एकमेकांना परकी कशी होतात? गोव्यातील काही देवळांत धर्मबंधुमंडळे जातवार चालत आली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, आणि जुन्या गोष्टी सीमेवर थांबत नाहीत. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे टाकले, ते आपण बाप्तिस्म्यानंतर चार शतके जपून ठेवले. पुस्तकाचा हा डंख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. अन्य कोणत्याही टीकाकाराने तो दाखविला नाही तरी कॅथलिक वाचकाला तो जाणवलाच पाहिजे.

काही जण म्हणतील, आता पाण्याचा विटाळ कोण पाळतो? हॉटेलात सगळेच एका पेल्याने पितात. हे खरे आहे. पेला बदलला, आणि भिंत सरकून सोयरिकीच्या बैठकीपाशी जाऊन उभी राहिली. लक्ष्मीबाई आज असत्या तर त्यांनी ती बैठकच रंगवून सांगितली असती. पाव्हण्यांपुढे ठेवलेला चहा, मधूनच निघालेली आजोळची चौकशी, आडनावावरून गाव आणि गावावरून वाडा शोधणारी ती मायाळू मावशी. त्यांनी तिची निंदा केली नसती. तिच्या भीतीला हसल्या असत्या, आपल्या वडिलांच्या सोवळ्याला हसल्या तशा.

गेल्या उपवासकाळात आमच्या एका वाडीत शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर या पुस्तकातील काही पाने मोठ्याने वाचण्याचा उपक्रम झाला. धुतलेल्या मिठाच्या प्रसंगाला बायका खळखळून हसल्या. पाण्याच्या प्रसंगाला कोणी हसले नाही. वाचन संपल्यावर एका वृद्ध बाईने मालवणीत विचारले : “फादर, मगे तिच्या भयणीन काय म्हटल्यान?”

प्रश्न समीक्षकाला सुचणारा नव्हता, पण योग्य होता. पावलाचे मोल पाऊल टाकणाऱ्याला विचारण्याऐवजी तिने ते मागे राहिलेल्या बहिणीला विचारले. आम्ही पुस्तक तिच्या नातीच्या हाती दिले. नात दहावीला आहे. पुढची पाने तीच आजीला वाचून दाखवते, रोज थोडी थोडी, अभ्यासातून वेळ मिळेल तशी.